खांबाचा उजवा हात

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. चार दशकांहून अधिक काळ वकील मंडळी त्यासाठी भांडत होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी त्यामुळे टळली. आमच्या हातकणंगल्याहून मुंबईला जायचे म्हणजे एक रात्र रेल्वेत, दुसरी रात्र कुणा नातेवाइकाकडे, आणि तिसऱ्या दिवशी 'पुढची तारीख' घेऊन परत. आता सकाळी भाकरी खाऊन निघावे आणि दिवस मावळायच्या आत घरी यावे, एवढ्या अंतरावर उच्च न्यायालय आले.

त्या दिवशी मला आठवण झाली ती उच्च न्यायालयाच्या अशा एका न्यायमूर्तीची, ज्याचे सारे बालपण कोल्हापुरात गेले, ज्याने न्यायाधीशाची खुर्ची प्रथम कोल्हापुरातच पाहिली आणि ज्याला पुढे महाराष्ट्राने 'न्यायमूर्ती' ही पदवी नावाच्या आधी कायमची चिकटवून टाकली. महादेव गोविंद रानडे. त्यांच्या जवळची माणसे त्यांना माधवराव म्हणत. रानडे म्हटले की आपल्याला पुणे आठवते, प्रार्थना समाज आठवतो, सामाजिक परिषद आठवते. कोल्हापूर सहसा आठवत नाही. पण माणसाचा पिंड जिथे घडतो ते गाव त्याच्या चरित्रात नुसते पहिल्या पानापुरते नसते.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव तिथे मामलेदार कचेरीत कारकून होते. पुढे त्यांना कोल्हापूर संस्थानात नोकरी लागली आणि बिऱ्हाड इकडे हलले. त्या प्रवासातली एक हकीकत चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. रात्रीची वेळ, बैलगाडी चाललेली, गाडीत सारे पेंगुळलेले. अडीच वर्षांचा माधव झोपेत गाडीतून खाली पडला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. गाडी पुढे निघून गेली. सुदैवाने त्याचे काका मागून घोड्यावरून येत होते. अंधारात पोराने हाक दिली, काकांनी ओळखले आणि उचलून घेतले. ते मूल रडत बसले असते किंवा काका दुसऱ्या वाटेने गेले असते तर, असा विचार मनात येतोच. ज्या कोल्हापुरात ही गाडी पोहोचली तिथे १८४४ साली गडकऱ्यांचे बंड झाले आणि कारभारावर इंग्रजांचा पंजा घट्ट होत चालला होता. राज्य छत्रपतींचे, पण शेवटचा शब्द पोलिटिकल साहेबाचा, अशा गावात हे पोर वाढले. दोन सत्तांच्या मध्ये उभे राहून काम कसे करावे लागते, हे त्याने वडिलांच्या नोकरीत लहानपणापासून पाहिले असणार.

त्याच काळातली दुसरी गोष्ट बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असेल. घरात खेळायला कुणी नव्हते म्हणून माधवने सोंगट्यांचा पट मांडला आणि घरातल्या खांबालाच भिडू केले. खांबाचे दान उजव्या हाताने टाकायचे, स्वतःचे डाव्या हाताने. डाव संपला तेव्हा खांब जिंकला होता. कुणीतरी हसले की, अरे, खांबाकडून हरलास! त्यावर त्याचे म्हणणे असे की उजव्या हाताला दान टाकायची सवय आहे, तो हात खांबाला दिला, मग तो जिंकणारच. खांबाला बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही. तेव्हा चांगला हात त्याला द्यायचा.

शाळेत असताना ही गोष्ट मला थोडी बावळटपणाची वाटली होती. बँकेत तीसेक वर्षे काढल्यावर ती मला वेगळी दिसू लागली. त्याचे कारण पुढे येईल.

वडिलांना दिलेला नकार

कोल्हापुरात आधी मराठी आणि मग इंग्रजी शाळा करून १८५६ साली चौदाव्या वर्षी रानडे मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत जे एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले त्यांत रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. १८६२ साली पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यातही ही जोडी होती. पुढे एम. ए. आणि कायद्याची पदवी. वाचून वाचून डोळे अधू झाले ते कायमचे. या हुशार विद्यार्थ्याने एका निबंधात मराठी राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला कमी लेखले, तेव्हा प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्याला बोलावून समज दिली आणि सहा महिने त्याची शिष्यवृत्ती बंद केली. सरकारचे अन्न खाऊन सरकारविषयी खरे बोलले तर काय होते याचा हा पहिला धडा. पुढची पस्तीस वर्षे त्याच धड्याची उजळणी चालू राहिली.

अक्कलकोटला थोडे दिवस कारभारीपण करून १८६७ साली ते कोल्हापूरला न्यायाधीश होऊन आले. वय पंचवीस. राजाराम महाराज गादीवर होते. गावात वडील होते, वडिलांचे स्नेही होते, लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली माणसे होती. ज्याने छोट्या गावात सरकारी खुर्ची सांभाळली आहे त्याला हे प्रकरण किती अवघड असते हे सांगायला नको. कायद्याचे पुस्तक एका बाजूला आणि 'आपला माणूस' दुसऱ्या बाजूला.

व्हायचे ते झालेच. कोर्टात काम चालू असलेला ओळखीचा एक पक्षकार गोविंदरावांकडे आला आणि चिरंजीवांनी आपले कागद घरी एकदा पाहावेत, एवढी गळ घालून बसला. गोविंदरावांनी मुलाकडे शब्द टाकला. त्या काळी वडिलांसमोर मुले मान वर करून बोलत नसत आणि रानडे तर वडिलांच्या फारच धाकातले. त्यांनी ऐकून घेतले, पण कागद पाहायला नकार दिला. नंतर अदबीने त्यांनी वडिलांना सांगितले की, अशी भीड पुन्हा पडू लागली तर मला कोल्हापूर सोडून दुसरीकडे जावे लागेल. गोविंदरावांनी पुन्हा तसा शब्द टाकला नाही, असे चरित्रे सांगतात.

हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण थोड्याच वर्षांनी याच वडिलांसमोर याच मुलाने दुसऱ्या एका बाबतीत मान तुकवली.

बाकावरचा माणूस आणि राजकारण

न्यायाधीशाने राजकारण करावे की नाही, हा प्रश्न त्या काळात जगभर निरनिराळ्या रीतीने सुटत होता. अमेरिकेत डेव्हिड डेव्हिस नावाचे एक न्यायाधीश होते. इलिनॉय राज्यात ते गावोगाव फिरून न्यायदान करीत आणि अब्राहम लिंकन हा वकील त्यांच्याच कोर्टांतून कामे चालवी. १८६० साली लिंकनला अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून देण्याची सारी खटपट या न्यायाधीशानेच केली. १८६२ साली लिंकनने त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. पण १८६६ साली, दिवाणी न्यायालये उघडी असताना साध्या नागरिकाला लष्करी कोर्टापुढे उभे करता येणार नाही, असा निकाल याच डेव्हिसनी लिहिला. म्हणजे ज्या सरकारने त्यांना नेमले त्याच सरकारच्या युद्धकाळातल्या कारवाईविरुद्ध. पुढे १८७७ साली ते सिनेटवर निवडून आले, त्यांनी न्यायासनाचा राजीनामा दिला आणि उघडपणे राजकारणात बसले. त्यांचा देश स्वतंत्र होता. एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत जायची त्यांना सोय होती.

रानड्यांना तसे दुसरे दारच नव्हते. निवडून जावे अशी सिनेट नव्हती. राजीनामा दिला असता तर वकिली करून पैसा मिळाला असता. १८७१ साली ते ॲडव्होकेटची परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. पण त्यांनी नोकरी धरली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुण्यात पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज म्हणून रुजू झाले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी वर्षभर आधी, २ एप्रिल १८७० रोजी, सार्वजनिक सभा काढलेली होती. सभेला काकांचे पाय होते. आता रानड्यांचे डोके मिळाले. दिवसा कोर्ट आणि रात्री सभा. १८७२ साली सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची गावोगाव चौकशी केली. १८७४ साली हिंदुस्थानला ब्रिटिश पार्लमेंटात प्रतिनिधी मिळावेत असा अर्ज पाठवला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्या-जिल्ह्यांतून आकडे गोळा करून सरकारला कळवत राहिली. १८७८ साली सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्यातला मोठा भाग रानड्यांच्या लेखणीतून उतरलेला असे, पण लेखाखाली नाव नसे. सरकारी नोकराला नाव घालता येत नव्हते आणि त्यांना त्याची हौसही नव्हती.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १८७८ च्या आरंभी बदली नाशिकला झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उसळले, मे महिन्यात पुण्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आग लागली आणि संशयाची सुई पुणेकर पुढाऱ्यांकडे वळली. रानड्यांना तातडीने धुळ्याला हलवण्यात आले. तिथे त्यांची टपाले फोडली जात. वासुदेव बळवंतांच्या नावाने बंडाची भाषा असलेली पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली. हा माणूस ती दडवतो की सरकारात देतो, हे पाहण्याची ती युक्ती होती. रानडे ती पत्रे सरळ पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सारे साधेपणाने लिहून ठेवले आहे. पुढे संशय फिटला. बदलीविषयी रानड्यांनी कधी कुरकुर केली नाही. जोवर सरकारचे मीठ खातो आहोत तोवर ते पाठवतील तिथे जायचे, पण काम सोडायचे नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

हा हिशेब भित्रेपणाचा की शहाणपणाचा, यावर त्यांच्या हयातीतच वाद झाला. मला त्याचे उत्तर त्यांच्या भाषणांत सापडले नाही. ते सापडले एका कायद्यात.

कागदाच्या मागे

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने आपल्याकडच्या शेतकऱ्यांचेही नशीब फिरवले होते. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच सरकारने सारा वाढवला. घेतलेली कर्जे तशीच राहिली आणि व्याज वाढत गेले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोकांना सावकाराचा जीव नको होता. त्यांना हवी होती खते आणि रोखे. ते मिळाले की होळी करून माणसे घरी जात. म्हणजे त्या अडाणी माणसांनी आपला शत्रू बरोबर ओळखला होता. त्यांचे वैर त्या कागदाशी होते.

या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यातले एक कलम त्या काळच्या न्यायशास्त्राला हादरा देणारे होते. दावा आला तर कोर्टाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा करायचा नाही. रोख्याच्या मागे जायचे. मुळात रक्कम किती दिली, व्याज किती लावले, व्याजाचे मुद्दल कितीदा केले, शेतकऱ्याने धान्याच्या, गुरांच्या, राबणुकीच्या रूपाने काय काय फेडले, हे पहिल्यापासून उकरून काढायचे आणि नवा हिशेब मांडायचा. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकायचे नाही. गहाण नसलेली जमीन जप्त करायची नाही. फेडीला हप्ते बांधून द्यायचे. दाम दुपटीची आपली जुनी मर्यादाही हिशेबात धरायची. खते गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावीत, तंटे आधी सलोख्याने मिटवायचा प्रयत्न व्हावा, अशीही व्यवस्था होती.

हा कायदा कागदावर राहू नये म्हणून खालच्या कोर्टांचे काम तपासणारा स्पेशल जज्ज नेमला गेला आणि १८८१ पासून रानडे त्याचे असिस्टंट झाले. पुणे आणि सातारा हे जिल्हे त्यांच्याकडे आले. वर्षातले कित्येक महिने फिरती. तंबू, गाड्या, तालुक्याची कोर्टे, दप्तरांचे ढीग. पुढे १८८७ साली ते स्वतः स्पेशल जज्ज झाले. हजारो शेतकऱ्यांच्या कर्जाचे हिशेब त्यांच्या अधू डोळ्यांखालून गेले. व्यासपीठावर बोलताना त्यांच्याजवळ जी आकड्यांची ताकद असे ती इथून आलेली होती.

आमच्या भागातल्या वाचकांना यात एक गंमत वाटेल. त्या वेळचा सातारा जिल्हा वाळव्यापर्यंत येत होता आणि वाळव्याच्या अलीकडे वारणा. संस्थानी काळात आळते पेठा म्हणून ओळखला जाणारा आमचा हातकणंगल्याचा मुलूख वारणेच्या या काठाला, कोल्हापूर संस्थानात. कायदा ब्रिटिश मुलखाचा. त्यामुळे नदीच्या पलीकडच्या शेतकऱ्याच्या रोख्यामागे कोर्ट जाऊन पाहणार आणि अलीकडच्याला त्या कायद्याचा आधार नाही. पाणी एकच, ऊस-जोंधळा एकच, सोयरीकही एकमेकांत; न्याय मात्र नदीने वाटून टाकलेला.

माझ्या टेबलावरचा अंगठा

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख मला पुरा करता येणार नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी नवा अधिकारी होतो. शाखा ऊसपट्ट्यातली. पीककर्जाचा हंगाम आला की बँकेसमोर धोतर-टोप्यांची रांग लागे. एकेका माणसाचे आठ-दहा कागद, सारे छापील, निम्मे इंग्रजीत. वेळ वाचावा म्हणून आम्ही कोऱ्या फॉर्मवर सह्या-अंगठे घेऊन ठेवत असू आणि मजकूर मागाहून भरत असू. मी एकटाच करत होतो असे नाही; पण मी करत होतो, एवढेच मला बोलता येते. एका म्हाताऱ्याच्या खात्यावर पीककर्जाबरोबर विहिरीचे कर्जही चढले. विहिरीला पाणी लागले नाही. म्हातारा गेला. मुलगा बँकेत आला. मी दप्तर काढून त्याच्यासमोर ठेवले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अंगठा आमच्या आबाचाच हाय साहेब. खरं कागूद कुणी वाचून दाखिवला त्येला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कागद कायदेशीर होता. मी त्याला तेवढेच सांगितले. पुढे त्याने दोन बैल विकून काही भरणा केला आणि उरलेले कुठल्याशा योजनेत सुटले. खाते बंद झाले. ते वाक्य मात्र माझ्या खात्यावर अजून उघडे आहे.

रानड्यांचे ते कलम मी निवृत्तीनंतर वाचले तेव्हा त्या पोराचा चेहरा आठवला. शंभरेक वर्षांपूर्वी एका कोर्टाला त्याचा प्रश्न विचारण्याची सक्ती होती. आमच्या काळात उलट झाले. १९८४ पासून बँकिंग कायद्यात एक कलम आले, त्याप्रमाणे बँकेने लावलेले व्याज जास्त आहे म्हणून कोर्टाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. त्याला कारणे आहेत. बँक म्हणजे खेड्यातला सावकार नव्हे, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते, आणि लहान शेतकऱ्याच्या अल्पमुदतीच्या कर्जावर मुद्दलापेक्षा जास्त व्याज आकारू नये, असा दंडकही तिनेच घातलेला आहे. म्हणजे दाम दुपट अजून जिवंत आहे. पण ती ऑडिटच्या परिपत्रकात आहे. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला ती कुणी सांगत नाही. मीही सांगितली नव्हती.

१८७९ च्या कायद्याने सारे ठीक झाले, असे म्हणणे खोटे होईल. सावकार हुशार होते. गहाणखत उकरले जाते असे दिसताच त्यांनी खरेदीखतेच करून घ्यायला सुरुवात केली. कागदावर विक्री, तोंडी बोली परत देण्याची. शिवाय पत आटली. गरजेला पैसा मिळेनासा झाला. हे रानड्यांना दिसत होते. नुसता सावकाराचा हात धरून भागत नाही, दुसरा हात पुढे यावा लागतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून विल्यम वेडरबर्न आणि ते शेतकी बँकेच्या मागे लागले. पुरंदर तालुक्यात प्रयोग म्हणून अशी बँक काढावी, जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत आणि शेतकऱ्याला माफक व्याजाने पुढचा पैसा द्यावा, अशी ती योजना होती. हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले होते. लंडनच्या भारतमंत्र्याने ती बुडवली. रानडे थांबले नाहीत. युरोपातल्या शेतकी पतसंस्थांचे दाखले देऊन ते लिहीत राहिले. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन त्यांनी सांगितले की विलायतेतले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली आला, ते जाऊन तीन वर्षे झाल्यावर. ऊसपट्ट्यातली आमची सोसायटी, आमचा साखर कारखाना, आमची जिल्हा बँक या साऱ्यांच्या वंशावळीत वरती कुठेतरी पुरंदरची ती न जन्मलेली बँक आहे.

जिथे मान तुकली

१८७३ साली रानड्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. ते विधवाविवाहाच्या चळवळीत होते. आता हा माणूस विधवेशी लग्न करतो की काय, या धास्तीने गोविंदरावांनी घाईने स्थळ पाहिले आणि त्या वर्षाच्या अखेरीस एकतीस वर्षांच्या रानड्यांचे लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी लावून दिले. ज्या मुलाने कोल्हापुरात वडिलांना कोर्टाच्या कागदाबाबत नाही म्हटले, त्याला स्वतःच्या लग्नाबाबत नाही म्हणता आले नाही. लोक हसले आणि त्यांना हसण्याचा हक्क होता. खुर्चीवर बसलेला रानडे कणखर आणि घरातला रानडे हळवा, असे म्हणून आपण सुटका करून घेऊ शकतो. पण मला वाटते, कायद्याच्या बाबतीत त्यांना खांब दिसत होता. घरात वडिलांचे दुःख दिसत होते आणि ती अकरा वर्षांची मुलगी दिसली नाही. ती दिसली ती नंतर. त्यांनी तिला शिकवले, फिरतीवर बरोबर नेले, सभेत उभे केले, आणि त्या रमाबाई पुढे सेवासदनाच्या रमाबाई झाल्या. याने चूक पुसली जात नाही; पण चुकीनंतर माणसाने काय करावे ते कळते.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण झाले. त्यात रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि मित्रही नाराज झाले. जोतीराव फुल्यांनी तर १८८५ साली ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारून आणि त्याच वर्षी 'इशारा' लिहून स्पष्ट केले की शेतकऱ्याची स्थिती सुधारली, हे या भल्या गृहस्थाचे म्हणणे आपल्याला मान्य नाही. कोल्हापूरकरांना फुल्यांचे म्हणणे जवळचे वाटते आणि ते स्वाभाविक आहे. शेतकऱ्याच्या मुलाला रानडे फार सावकाश चालणारे वाटतात. तरी एक गोष्ट विसरू नये. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि समाज सुधारल्याशिवाय राजकीय हक्कांना अर्थ नाही, या रानड्यांच्या बाजूला त्यांनी आपले वजन टाकले. बाबासाहेब उगाच कुणाची स्तुती करणारे नव्हते.

१८९३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी नोव्हेंबरात रानडे मुंबई उच्च न्यायालयात बसले. उरलेली सात वर्षे सोपी नव्हती. १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा मंडपात सामाजिक परिषद भरवू देणार नाही असा गदारोळ उठला. रानड्यांनी ती शांतपणे फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात नेली. सार्वजनिक सभा हातातून गेली, तेव्हा १८९६ साली डेक्कन सभा काढली. सोबत होते गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचे शिक्षण कागल आणि कोल्हापूरला झालेले. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा ग्रंथ आला. शिष्यवृत्ती बंद झालेल्या त्या विद्यार्थ्याने अखेर तो निबंध पुरा केला, म्हणायचे. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठ पुरी व्हायला दोन दिवस उरले असता, ते गेले.

परवा कोल्हापूरला गेलो होतो. हातकणंगले स्टेशनवर मिरजेकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो. ही लाइन १८९१ ची, म्हणजे रानडे स्पेशल जज्ज म्हणून सातारा जिल्ह्यात फिरत होते त्या दिवसांतली. बाकावर शेजारी एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांची चळत. उच्च न्यायालयात जमिनीचे काम आहे, वकिलांनी बोलावले आहे, म्हणाल्या. मग थोड्या संकोचाने त्यांनी एक कागद काढून माझ्यापुढे धरला आणि विचारले, "काका, यात काय लिवलंय ते जरा सांगता का?"

गाडीला अजून वीस मिनिटे होती. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवायला सुरुवात केली.